वाचकांचे प्रश्न : जुन्या कॉमिक्सची ट्रंक आणि एक दिवसाचा मेळा

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मागे दोन पत्र्याच्या ट्रंका भरून कॉमिक्स राहिली आहेत. ढोबळ मोजणीत ती चारशेच्या आसपास भरतात. त्यांत मराठी इंद्रजाल कॉमिक्स सर्वांत अधिक असून अमर चित्र कथा, चांदोबाचे बांधून घेतलेले काही खंड आणि थोडी अमेरिकन कॉमिक्सही आहेत. आमची चाळ पुनर्विकासाला गेली असून तीन महिन्यांत खोली रिकामी करायची आहे. रद्दीवाला किलोचा भाव सांगतो. एका विक्रेत्याने ट्रंक न पाहताच फोनवर ठोक रक्कम देऊ केली आणि ‘दोन दिवसांत कळवा’ असे बजावले. काय करावे? (एक वाचक भगिनी, गिरगाव)

उत्तर : ज्याने ट्रंक न पाहताच रक्कम सांगितली त्याला आत काय असू शकते याचा अंदाज आपल्यापेक्षा अधिक आहे, एवढे ध्यानात ठेवून आधी त्याची दोन दिवसांची मुदत मनातून काढून टाकावी. आपल्या हातात तीन महिने आहेत आणि या कामाला ते पुरतात. चारशे अंकांचा ढीग एकाच भावाने कधीही विकू नये, कारण त्या ढिगात प्रत्येक अंकाची किंमत निराळी असते आणि घेणारा त्यातल्या वीस-पंचवीस अंकांकडे पाहून आकडा बोलत असतो. ते वीस-पंचवीस अंक कोणते हे आपल्याला कळेपर्यंत कोणाशीही आकड्यांची भाषा करू नये.

पहिले काम वहीचे. कोरड्या दिवशी ट्रंका उघडून अंक सावलीत, पंख्याखाली पसरावेत. उन्हात वाळवू नयेत, कारण जुन्या छपाईचे रंग उन्हाने उडतात आणि स्वस्त कागद आणखी पिवळा व ठिसूळ होतो. मग प्रत्येक अंकासाठी वहीत एक ओळ लिहावी : मालिका, भाषा, अंकाचा क्रमांक, कथेचे नाव, मुखपृष्ठावर छापलेली किंमत आणि अंकाची अवस्था. अवस्था लिहिताना हात आखडू नये. पिना गंजल्या असतील, कसर लागली असेल, बुरशीचे ठिपके असतील, वाचनालयाचा शिक्का असेल, कोणी कोडे सोडवले असेल किंवा चित्र रंगवले असेल, तर तसे नोंदवावे. पाने अवश्य मोजावीत. मुंबईच्या दमट हवेत पिना गंजल्या की मधले जोडपान सर्वांत आधी सुटते आणि हरवते, आणि वरून अंक अगदी धड दिसतो. असा अपुरा अंक पूर्ण म्हणून विकला गेला तर पुढच्या पन्नास अंकांवरचा घेणाऱ्याचा विश्वास उडतो.

आता आपल्या ट्रंकेतील मालाविषयी. इंद्रजाल कॉमिक्स ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये मुंबईतून सुरू केली आणि 1990 मध्ये बंद केली. या सव्वीस वर्षांत आठशेवर अंक निघाले. पहिला अंक वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतील फँटमचा, होता. पुढे अमेरिकन वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्यांचे नायक मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांचा भारतीय नायक बहादूर आला. संग्राहक प्रामुख्याने आरंभीच्या दोन-तीन वर्षांतील अंक, बी. गोविंद यांची रंगवलेली मुखपृष्ठे असलेले अंक आणि बहादूरचे पहिले अंक शोधत असतात. सुरुवातीचे अंक ओळखणे सोपे आहे, कारण त्यांवर सलग क्रमांक आहे. 1980च्या दशकात ही पद्धत बदलून खंड आणि अंक अशी दुहेरी मोजणी आली, त्यामुळे ‘खंड 20, अंक 1’ असे दिसल्यास तो विसावा अंक समजू नये. ही चूक मी चांगल्या जाणत्या माणसांनाही करताना पाहिली आहे.

मराठी अंकांना गिऱ्हाईक कमी असेल असा आपला समज असल्यास तो बाजूला ठेवावा. इंग्रजी अंक संख्येने अधिक टिकले, कारण ते ज्या घरांत गेले तिथे कपाटे होती. मराठी अंक चाळीतून, वाचनालयातून, भाड्याने देणाऱ्या टपरीवरून हातोहात फिरले आणि फाटले. माझ्या अनुभवात आरंभीच्या वर्षांतील धडधाकट मराठी अंक इंग्रजीपेक्षा क्वचित समोर येतो. शिवाय वेताळाचे चाहते जगभर आहेत. ऑस्ट्रेलियात फ्रू ही प्रकाशनसंस्था 1948 पासून त्याची कॉमिक्स काढते आहे आणि स्वीडनमध्ये त्याचे नियतकालिक 1950 पासून चालू आहे. तिकडच्या संग्राहकांना भारतीय आवृत्त्यांचे आकर्षण वाटते, कारण इंद्रजालने वृत्तपत्रातील पट्ट्या आपल्या पानांत बसवण्यासाठी कापल्या, चौकटींची फेरमांडणी केली आणि नावेही बदलली. इंग्रजी अंकांत वेताळाच्या बंगाला देशाचे डेंकाली झाले, सिंग टोळीच्या चाच्यांचे सिंगा झाले. भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून केलेले हे बदलच आज त्या अंकांचे वेगळेपण ठरले आहेत.

अमर चित्र कथेचे गणित उलटे आहे. अनंत पै यांनी 1967 मध्ये ही मालिका इंडिया बुक हाउसकडून सुरू करवली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते आणि आपल्याकडच्या कथांचा आरंभ अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासून झाला. ही पुस्तके पुन्हा पुन्हा छापली गेली असल्याने जुने नाव म्हणजे जुनी प्रत असे होत नाही. छापलेली किंमत, मागील पानावरच्या जाहिराती आणि यादीतील शेवटचे शीर्षक पाहून प्रत कोणत्या काळातील आहे ते ठरवावे लागते. बहुसंख्य प्रती वाचायला उत्तम आणि विकायला साधारण असतात. त्या दहा-दहाच्या संचांनी, घरात लहान मुले असलेल्यांना द्याव्यात.

चांदोबाच्या बांधीव खंडांबाबत थोडे कटू सांगायचे आहे. त्या काळी हौसेने वर्षाचे अंक बाइंडरकडे देत, आणि तो कडा समान करण्यासाठी तिन्ही बाजूंनी कागद छाटत असे, कधी मुखपृष्ठेही काढून टाकत असे. वाचकाच्या दृष्टीने खंड टिकला. संग्राहकाच्या दृष्टीने तो कापला गेला. मात्र मुखपृष्ठांसह बांधलेला सलग वर्षांचा खंड असेल तर त्याला स्वतंत्र मागणी असते. खंड सुटा करण्याच्या भानगडीत पडू नये.

अमेरिकन कॉमिक्स शेवटी पाहावीत, पण निष्काळजीपणे पाहू नयेत. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अशी कॉमिक्स एके काळी ढिगाने मिळत. या अंकांबाबत एक साधी खूण उपयोगी पडते. प्रमुख अमेरिकन प्रकाशकांच्या नेहमीच्या अंकांवर 1961च्या अखेरीपर्यंत 10 सेंट, त्यानंतर 12 सेंट आणि 1969 पासून 15 सेंट अशी किंमत दिसते. आपल्या ट्रंकेत 10 किंवा 12 सेंटचे अंक निघाले तर त्यांचा एक-एक क्रमांक तपासल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नयेत. स्पायडरमॅन पहिल्यांदा 1962 मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या 15 व्या अंकात आला, हे उदाहरण केवळ क्रमांकाचे महत्त्व कळावे म्हणून देतो, तो अंक गिरगावच्या ट्रंकेत निघेल अशी आशा धरू नये, पण न पाहता रद्दीतही घालू नये.

भाव कसा काढावा? संकेतस्थळांवर विक्रेत्याने लिहिलेली रक्कम म्हणजे त्याची इच्छा होय. तीवर जाऊ नये. तसाच अंक त्याच अवस्थेत प्रत्यक्षात किती रुपयांना विकला गेला, ते पाहावे. दोन-तीन जाणत्या संग्राहकांना वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवून, विकत घेण्याची अट न घालता, मत विचारावे. विक्रेता त्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहून कमी रक्कम देऊ करील तेव्हा तो फसवतोच आहे असे मी म्हणणार नाही. त्याला भाडे आहे, आणि न खपणारे तीनशे अंक वर्षानुवर्षे सांभाळायचे असतात. आक्षेप आहे तो ठोक भावात मलई उचलण्याला. एकाच माणसाला सारे द्यायचे असेल तर खरोखर सारे द्यावे, कारण चांगले पंचवीस अंक निवडून तो गेला की उरलेल्या ढिगाला रद्दीवाल्याशिवाय कोणी उरत नाही. त्यापेक्षा ते पंचवीस सुटे विकावेत, मधल्या दर्जाचे शंभर-दीडशे अंक संचांनी द्यावेत आणि बाकीचे एकत्र. टपालाने पाठवताना पैसे आधी घ्यावेत आणि अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधावा. परदेशी पाठवताना पुरावस्तूंच्या कायद्याची अनेकांना धास्ती वाटते. 1972च्या त्या कायद्यात छापील वस्तूसारख्या गोष्टींना शंभर वर्षांची आणि हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे 1964चे कॉमिक त्यात बसत नाही. रक्कम मोठी झाली तर कराविषयी सनदी लेखापालाला विचारावे.

वडिलांचे नाव आणि तारीख ज्या अंकांवर त्यांच्या अक्षरात आहे त्यांना बाजारात किंचित कमी भाव येतो. त्यांतले दोन-चार नव्या घरात न्यावेत, असे मी आपल्याला मोकळेपणाने सुचवतो.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र मुलुंडला राहतो. कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मोठ्या मेळ्याला आम्ही जातो, पण तेथे जुनी कॉमिक्स फारशी दिसत नाहीत. केवळ जुन्या भारतीय कॉमिक्सचा, त्यातही मराठीचा, एक दिवसाचा मेळा दादरला भरवावा असे मनात आहे. माणसे येतील का, आणि हे कसे करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : माणसे येतील, किती येतील याची चिंता पहिल्या वर्षी करू नये. आज लाखाच्या घरात गर्दी खेचणारा अमेरिकेतील सॅन दिएगोचा मेळा 1970 मध्ये एका हॉटेलात सुमारे तीनशे जणांत सुरू झाला. टोकियोचा कॉमिकेट 1975 मध्ये बत्तीस गटांनी आणि सातशेच्या आसपास लोकांनी सुरू केला. हे दोन्ही मेळे वाचणाऱ्यांनीच उभे केले होते. आपल्याकडे कॉमिक कॉन इंडिया 2011 मध्ये दिल्लीत सुरू होऊन पुढे मुंबईत आला आणि 2024 मध्ये ई-स्पोर्ट्समधील नॉडविन या कंपनीने तो विकत घेतला. त्याचा भर वेशभूषा, खेळ आणि टी-शर्टांवर असतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही, तेवढे मोठे भाडे जुन्या अंकांच्या विक्रीतून निघत नाही. आपल्या मेळ्याला मात्र निराळा हिशेब करता येतो.

दादर निवडलेत ते योग्यच आहे, कारण पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवरून थेट येता येते. रविवार ठरवण्यापूर्वी मेगाब्लॉकचा विचार करावा. कल्याण आणि वसईकडून पिशव्या घेऊन येणारा संग्राहक ब्लॉकच्या दिवशी घरीच बसतो. मी शनिवारचा आग्रह धरीन. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कागदाचा मेळा भरवणे म्हणजे विक्रेत्यांना माल भिजवायला बोलावणे होय. मार्च परीक्षांत जातो. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाशी गाठ पडते. दिवाळीनंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर हेच आपले महिने. सभागृह तळमजल्यावरचे किंवा मोठी लिफ्ट असलेले घ्यावे. कागद किती जड असतो ते दोन ट्रंका तिसऱ्या मजल्यावर चढवल्याखेरीज कळत नाही.

पैशांचा नियम एकच सांगतो : सभागृह, टेबले, विमा आणि छपाई यांचा सारा खर्च टेबलांच्या भाड्यातून निघाला पाहिजे, प्रवेशशुल्कावर तो अवलंबून नसावा. समजा हा खर्च 30,000 रुपये आहे आणि सभागृहात पंचवीस टेबले ऐसपैस बसतात. तर टेबलाचे भाडे 1,200 रुपये पडते. एवढे भाडे भरायला पंचवीस विक्रेते महिनाभर आधी तयार होत नसतील तर सभागृह लहान घ्यावे किंवा तारीख पुढे ढकलावी. प्रवेशशुल्क पन्नास रुपये ठेवून तेवढ्याच रकमेचे कुपन कोणत्याही टेबलावर चालेल असे करावे आणि शाळकरी मुलांना ते माफ असावे. मुले आली नाहीत तर दहा वर्षांनी आपल्या मेळ्यात केवळ आमच्यासारखी पांढऱ्या केसांची माणसे एकमेकांना तेच अंक विकताना दिसतील.

याहून महत्त्वाची गोष्ट मला एका चुकीतून कळली. काही वर्षांपूर्वी आम्ही अशीच एक छोटी देवघेव भरवली होती. सकाळी एक वृद्ध गृहस्थ कापडी पिशवीत अंक घेऊन जिना चढत होते. आमच्याच एका टेबलवाल्याने त्यांना जिन्यात गाठले, पिशवी पाहिली, खिशातून नोटा काढल्या आणि सौदा तिथेच आटोपला. दुपारी तेच अंक त्याच्या टेबलावर कित्येक पट किमतीला लागलेले मी पाहिले. त्याने कायदा मोडला नव्हता. पण ते गृहस्थ मेळ्याच्या दारापर्यंत आले होते ते आत जाणकार भेटतील म्हणून, आणि आत येण्यापूर्वीच त्यांचा माल गेला. त्यांना ते कधी कळले की नाही, मला ठाऊक नाही. संयोजक म्हणून ती जबाबदारी आमची होती आणि आम्ही त्याचा विचारच केला नव्हता.

म्हणून आपण पहिल्याच वर्षी दोन नियम लेखी करावेत आणि टेबलाचे पैसे घेताना त्यावर सही घ्यावी. एक, दार, जिना आणि पदपथ येथे कोणीही खरेदी करायची नाही. दुसरा, प्रवेशद्वाराजवळ एक पारखीचे टेबल असेल. त्यावर दोन जाणते लोक बसतील, आणलेले अंक पाहून ते काय आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि साधारण काय अपेक्षा धरावी हे सांगतील. त्या दिवशी त्या दोघांनी स्वतः काहीही विकत घ्यायचे नाही. विक्रेते प्रारंभी कुरकुरतील. पण एकदा लोकांना कळले की येथे फसवणूक होत नाही, तर पुढच्या वर्षी माळ्यावरच्या ट्रंका आपोआप बाहेर येतात आणि त्याचा लाभ शेवटी विक्रेत्यांनाच होतो. मागील प्रश्नातील गिरगावच्या भगिनींसारख्यांना जावे कुठे, याचे उत्तर असे टेबल हेच आहे.

त्याच्याच जोडीने, दार उघडण्यापूर्वी विक्रेत्यांनी आपसात खरेदी करण्यावरही बंधन हवे, नाहीतर चांगला माल नऊ वाजताच एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो आणि दहाला रांगेत आलेल्यांना उरलेसुरले पाहावे लागते. हा नियम पाळून घेणे अवघड आहे हे मान्य. तरी तो लिहिलेला असावा. प्रत्येक अंकावर किंमत चिकटवलेली असावी, म्हणजे गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव बदलत नाही. चिठ्ठी पिशवीवर लावावी, मुखपृष्ठावर नव्हे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जुन्या चित्रकारांना बोलवाल तर मानधन, येण्या-जाण्याची गाडी आणि आरामात बसायला खुर्ची द्यावी आणि स्वाक्षऱ्यांची वेळ ठरवून घ्यावी. ऐंशीच्या घरातील माणसाला चार तास रांगेसमोर बसवणे हा सन्मान नव्हे. ध्वनिमुद्रित गाणी लावायची असतील तर त्यांचा परवाना लागतो, त्यापेक्षा न लावलेली बरी. अग्निशमनाच्या वाटा टेबलांनी अडवू नयेत. सभागृहात मोबाइलची रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही, तेव्हा विक्रेत्यांना सुटे पैसे आणायला सांगावे. आणि बटाटेवडा-चहाचे टेबल कॉमिक्सच्या टेबलांपासून शक्य तितके दूर असावे. तेलाचे बोट लागलेला 1965चा अंक मी पाहिला आहे.

प्रश्न : माझ्याकडील इंद्रजाल अंक स्कॅन करून त्यांच्या पीडीएफ अल्प दरात विकाव्यात, म्हणजे ज्यांना मूळ अंक परवडत नाहीत त्यांचीही सोय होईल, असे वाटते. यात गैर काय? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : आपल्याकडचा छापील अंक विकण्याचा अधिकार आपल्याला आहे, त्याची नक्कल विकण्याचा नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि प्रकाशन बंद पडल्याने तो संपत नाही. दर अल्प ठेवल्यानेही काही बदलत नाही. झेरॉक्स करून बांधलेल्या प्रतींनाही हेच लागू आहे, आणि मुलुंडच्या मित्रांनी असा माल टेबलावर येऊ देऊ नये. स्वतःच्या वापरासाठी मुखपृष्ठांची छायाचित्रे काढून सूची करावी; ती सूची इतरांच्याही उपयोगी पडेल.

प्रश्न : जुन्या अंकांची फाटलेली मुखपृष्ठे सेलोटेपने जोडून, वर लॅमिनेशन करून ठेवली तर टिकतील का? परदेशात अंकांना दर्जा देऊन बंद डबीत घालून देतात, तसे करावे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : सेलोटेप लावू नये. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा काढता येत नाही आणि अंक संग्राहकाच्या दृष्टीने संपतो. फाटलेला अंक फाटलेला राहू द्यावा, मात्र आम्लरहित पुठ्ठ्याला टेकवून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवावा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. डांबरगोळ्या अंकांना लागून ठेवू नयेत. लोखंडी कपाट बाहेरच्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला चिकटवू नये आणि खालचा खण रिकामा सोडावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या दर पंधरवड्याला वाळवाव्यात, अन्यथा त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

दर्जा देणारी सीजीसी ही अमेरिकन संस्था 2000 पासून काम करते. अंक तपासून 0.5 ते 10 असा आकडा देते आणि प्लॅस्टिकच्या कवचात बंद करून परत पाठवते. लाखो रुपयांच्या अमेरिकन अंकांसाठी ते ठीक आहे. आपल्या मराठी वेताळाला अमेरिकेला पाठवून आणण्याचा खर्च बहुधा त्याच्या किमतीहून अधिक होईल, आणि परत आल्यावर तो उघडून वाचताही येणार नाही.